उशाशी एक, दप्तरात दुसरे

धर्मग्रामाच्या शाळेचा मॅनेजर या नात्याने आमच्या मेजावर सहीसाठी जे कागद येतात, त्यांत वाङ्मयाचा गंध क्वचितच असतो. पगारपत्रके, कौलांच्या दुरुस्तीची अंदाजपत्रके, शिक्षण खात्याची परिपत्रके, असा तो सारा रुक्ष कारभार. त्या गर्दीत गेल्या जून महिन्यात मराठी शिकवणाऱ्या एका बाईंनी एक यादी आणून ठेवली. आठवी-नववीच्या मुलांसाठी शाळेत वाचक मंडळ सुरू करावयाचे होते. आठवड्यातून एक तास, वर्षात सहा पुस्तके आणि प्रत्येक पुस्तकाच्या दहा-दहा प्रती, असा साधा बेत होता. बेत आम्हांस मनापासून आवडला. सही करण्यासाठी आम्ही लेखणी उचलली, तोच यादीच्या मागे अडकलेले दुसरे एक पान हाती लागले. बाईंनी गेल्या वर्षभरात स्वतःसाठी जे वाचले त्याची ती टिपणे होती; चुकून यादीसोबत आली होती.

दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले, तेव्हा एक गोष्ट तत्काळ ध्यानात आली. मुलांच्या यादीत साने गुरुजींचे ‘श्यामची आई’, वीणा गवाणकरांचे ‘एक होता कार्व्हर’, थोरांच्या लघुचरित्रांचे दोन संग्रह, एक बोधकथांचे पुस्तक आणि एक विज्ञानविषयक माहितीचे पुस्तक. बाईंच्या पानावर व्यंकटेश माडगूळकरांचे ‘बनगरवाडी’, राम पटवर्धनांनी मराठीत आणलेले ‘पाडस’, लक्ष्मीबाई टिळकांचे ‘स्मृतिचित्रे’, मिलिंद बोकील यांचे ‘शाळा’ आणि ‘तोत्तोचान’. दोन्ही कागदांवर समान असे एकही नाव नव्हते.

“बाई, हे असे कसे?” आम्ही विचारले.

“फादर, ती माझी वाचायची पुस्तके. ही मुलांसाठी.”

“आणि मुलांसाठीची ही सहा तुम्ही शेवटची केव्हा वाचलीत?”

बाई प्रामाणिक. क्षणभर थांबून म्हणाल्या, “दोन शाळेत असताना वाचली होती. बाकीची चाळली आहेत.”

या उत्तरात बाईंचा उणेपणा शोधण्याचा आमचा हेतू नाही. आमच्यापैकी बहुतेकांची, मग ते शिक्षक असोत, पालक असोत वा धर्मगुरू असोत, हीच रीत आहे. स्वतःच्या उशाशी एक पुस्तक असते आणि मुलांच्या दप्तरात आपण दुसरेच घालतो. जे आपल्याला जागवते ते आपल्यापाशी ठेवतो आणि जे मुलांना शहाणे करील अशी आपली समजूत आहे ते त्यांना देतो. या दोन पुस्तकांत अंतर असणे स्वाभाविक आहे, कारण वयाचे म्हणून काही असतेच. परंतु त्यांचा एकमेकांशी काहीच संबंध नसावा, ही चिंतेची बाब आहे. म्हणून या दोन कागदांचे थोडे परीक्षण करावे असे आम्हांस वाटले.

प्रथम मुलांच्या यादीकडे पाहू. ‘श्यामची आई’ साने गुरुजींनी १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिले. ते १९३५ मध्ये प्रसिद्ध झाले. तेव्हापासून मराठी घरांत जितक्या संख्येने ते भेट म्हणून दिले गेले असेल, तितके दुसरे पुस्तक क्वचितच दिले गेले असेल. आमच्या ख्रिस्ती घरांतही ते आले आणि त्यातील व्रतवैकल्यांमुळे ते परके आहे असे कोणाला वाटले नाही. परंतु या पुस्तकाचे एक दुर्दैव असे की ते ‘संस्कारांचे पुस्तक’ म्हणून दिले जाते आणि त्यामुळे त्यातील मूळ कथा कोणी वाचतच नाही. ती कथा कर्जाची आहे. एक बऱ्यापैकी खाऊनपिऊन असलेले घर हळूहळू सावकाराच्या तोंडी जाते. वसुलीला आलेला माणूस घरात शिरून त्या माउलीचा अपमान करतो. आणि ती त्या अपमानाने व आजाराने खंगत मरते. उपदेशाची वाक्ये बाजूला ठेवून हे जो वाचील, त्याला ही आई देव्हाऱ्यातील मूर्ती न वाटता ओळखीची बाई वाटेल. वर्गात बसलेल्या मुलांपैकी काहींच्या घरी बँकेची वा पतपेढीची माणसे येऊन गेलेली असतात. त्या मुलांना या पुस्तकात आपली आई दिसू शकेल. पण त्यासाठी शिक्षकाने स्वतः ते मोठेपणी पुन्हा वाचलेले असले पाहिजे. लहानपणीच्या आठवणीवर भरवसा ठेवून दिलेले पुस्तक बाटलीत उरलेल्या औषधासारखे असते. नाव तेच राहते, पण गुण राहिला आहे की नाही हे देणाऱ्यालाही ठाऊक नसते.

‘एक होता कार्व्हर’ची गोष्टही निराळी नाही. १९८१ पासून मराठी वाचकांना या पुस्तकाने गुलामीत जन्मलेल्या एका कृष्णवर्णीय शास्त्रज्ञाची ओळख करून दिली. ते यादीत असण्याला आमचा विरोध नाही. बोधकथा आणि लघुचरित्रे यांच्याविषयी मात्र फारसे बोलण्यासारखे नाही. त्यांत चूक काही नसते आणि अडखळावे असेही काही नसते. शेवटच्या ओळीत तात्पर्य छापलेले असते, त्यामुळे तासाला बसलेल्या मुलांना बोलण्यासारखे काही उरत नाही.

आता बाईंचे पान. ‘बनगरवाडी’ (१९५५) त्यांनी यंदा तिसऱ्यांदा वाचले होते. औंध संस्थानातील माणदेशी धनगरांच्या वाडीवर एक तरुण मास्तर येतो. शाळा आहे, पण मुले नाहीत; ती मेंढरांमागे गेली आहेत. मास्तर मुले गोळा करतो, वाडीकडून तालीम बांधवून घेतो, तिच्यासाठी राजेसाहेब वाडीत येतात, आणि पुढे दुष्काळ पडतो. पाणी आटते, मेंढरे मरतात, माणसे जगायला बाहेर पडतात, शाळा ओस पडते. मास्तरांच्या श्रमांचे फळ म्हणून लेखकाने हाती काही ठेवले नाही. बोधाच्या दृष्टीने पाहिले तर ही हिशेबात तोट्याची कथा; आणि तरी पुस्तक मिटताना आपण काही गमावले असे वाटत नाही. मास्तराने वाडीला काय दिले यापेक्षा वाडीने मास्तराला काय दिले, हे लेखकाने एका शब्दाने न सांगता दाखवले आहे.

आम्ही स्वतः हे पुस्तक सेमिनरीतील पहिल्या वर्षाच्या सुट्टीत घरच्या ओटीवर पडून वाचले. सेमिनरीच्या भोजनगृहात त्या वर्षी मोठ्याने वाचून दाखवलेल्या चांगल्या चांगल्या पुस्तकांपैकी आज एकही आठवत नाही; कारभाऱ्याची चाल मात्र डोळ्यांसमोर आहे. पुढे एका दुर्गम ठिकाणी मिशनकेंद्रावर आमची नेमणूक झाली, तेव्हा पहिल्या रात्री आठवले ते पाळकीय कार्याचे टिपण नव्हते. आठवला तो आपल्या रिकाम्या शाळेसमोर उभा असलेला मास्तर.

हे पुस्तक मुलांसाठी का घेतले नाही, असे विचारता बाई म्हणाल्या, “भाषा अवघड जाईल.” माणदेशी बोली वसईच्या मुलांना परकी हे खरे. पण आमची मुले घरी सामवेदी किंवा वाडवळी बोलतात आणि शाळेच्या पायरीवर ती बोली चपलांसारखी काढून ठेवतात. घरची भाषा म्हणजे छापण्याच्या योग्यतेची नसलेली भाषा, असे त्यांना कोणी शिकवले नाही, तरी ती शिकली आहेत. धनगराच्या तोंडची बोली छापील पानावर एवढ्या दिमाखात उभी आहे हे पाहणे, हाच त्या मुलांसाठी एक मोठा धडा ठरेल. आणि जेथे पावसाळ्यात कौले गळतात तेथील मुलांनी दुष्काळाचे वर्णन एकदा सावकाश वाचावे, हेही काही कमी नाही.

‘पाडस’विषयी बाईंची अडचण वेगळी होती. “मुले रडतील, फादर.” मार्जोरी किनन रॉलिंग्ज यांची मूळ इंग्रजी कादंबरी १९३८ ची. ‘सत्यकथे’चे संपादक राम पटवर्धन यांनी ती अशा मराठीत आणली की फ्लॉरिडाचे जंगल आपल्याच मुलखातील वाटावे. एकुलता एक मुलगा, गरीब शेतकरी बाप, आणि मुलाने जिवापाड वाढवलेले हरणाचे पाडस. ते मोठे होते आणि मक्याचे कोवळे पीक खाऊन टाकते. पुन्हा पेरणी होते, मुलगा उर फुटेतो राबून कुंपण उंच करतो, तरी तेच. हिवाळ्यात खाणार काय? बाप अंथरुणाला खिळलेला. त्यानेच मुलाला पाडस मारायला सांगितलेले. मुलाच्या हातून ते होत नाही. आई गोळी झाडते, पण नेम चुकतो, आणि जखमी पाडसाची वेदना संपवण्याचे काम अखेर मुलावरच येते.

येथे दुष्ट कोणी नाही. बाप अत्यंत प्रेमळ आहे, आईचेही चुकत नाही, पाडसाचा तर काय अपराध? बोधकथेत आज्ञापालनाला बक्षीस मिळते. येथे आज्ञापालनाला जखम मिळते. मुलगा रागाने घर सोडतो, भुकेने व्याकूळ होऊन परत येतो, आणि बाप त्याच्याशी प्रथमच मोठ्या माणसाशी बोलावे तसे बोलतो. तेरा-चौदा वर्षांच्या मुलांना यापेक्षा योग्य पुस्तक कोणते? ती रडतील हे खरे. आमच्या शाळेतील काही मुले आजोबांच्या, काही वडिलांच्या मयतीला उभी राहिलेली आम्ही पाहिली आहेत. रडणे त्यांना नवीन नाही. त्या रडण्याला शब्द कोठून मिळावेत, एवढाच प्रश्न असतो.

‘स्मृतिचित्रे’पाशी आलो तेव्हा मात्र बाईंनी आवाज खाली आणला. “फादर, आपली शाळा मिशनची. निम्म्याहून जास्त मुले हिंदू घरांतली. धर्मांतराचे पुस्तक वाचायला दिले म्हणतील.”

ही भीती खोटी आहे असे आम्ही म्हणणार नाही. सध्याच्या दिवसांत ती आम्हांसही वाटते. परंतु भीती खरी असली तरी पुस्तकाविषयीची समजूत खरी असतेच असे नाही. १९३४ पासून चार भागांत प्रसिद्ध झालेले हे आत्मचरित्र मराठीतील श्रेष्ठ गद्यांपैकी एक, असा निर्वाळा सर्व धर्मांच्या रसिकांनी दिला आहे. नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला, तेव्हा लक्ष्मीबाईंना ते मान्य नव्हते. त्यानंतरची ताटातूट, नातलगांचे टोमणे, लहान मूल, स्वतःच्या मनाशी चाललेला झगडा, हे सारे त्यांनी ज्या निर्मळपणे लिहिले आहे त्यात प्रचाराला जागाच नाही. उलट धर्म बदलणाऱ्या नवऱ्याचा लहरीपणा, त्याचा संताप, घरचे होते-नव्हते दुसऱ्याला देऊन टाकण्याची त्याची सवय, यांवर त्यांनी हसत हसत जे लिहिले आहे ते वाचून कोणत्याही प्रचारकाची पंचाईत व्हावी. वडिलांचे सोवळ्याचे वेड त्यांनी ज्या डोळ्यांनी पाहिले, त्याच डोळ्यांनी आपल्या ख्रिस्ती संसाराकडेही पाहिले. ज्या बाईला शाळेचे तोंड पाहावयास मिळाले नाही तिने हे लिहिले, ही गोष्टच वाचक मंडळातील प्रत्येक मुलीला कळली पाहिजे.

आणि येथे आमच्याच समाजाला एक प्रश्न विचारावा लागतो. हे पुस्तक आपल्यापैकी किती जणांनी वाचले आहे? टिळक दांपत्य प्रॉटेस्टंट, म्हणून आपल्या जुन्या पिढीने त्यांच्याकडे जरा दुरूनच पाहिले. म्हणजे एका बाजूला ‘हे ख्रिस्ती पुस्तक’ म्हणून संशय, दुसऱ्या बाजूला ‘हे आपल्यातले नव्हे’ म्हणून उदासीनता. या दोहोंच्या मध्ये एक थोर पुस्तक कपाटात राहते. ‘श्यामची आई’ ख्रिस्ती मुलाच्या हाती देताना कोणाच्या मनात शंका येत नाही. तोच मोकळेपणा ‘स्मृतिचित्रे’ला मिळावा, एवढीच आमची मागणी आहे.

‘शाळा’ या कादंबरीविषयी लिहिताना आम्हांस एक कबुली देणे भाग आहे. २००४ मध्ये आलेली ही कादंबरी नववीतल्या मुलांची आहे. काळ आणीबाणीचा. मुकुंद जोशी हा मुलगा शिरोडकर नावाच्या वर्गातील मुलीकडे ओढला जातो. मित्रांच्या टोळीच्या गप्पा, शिक्षकांची नक्कल, नरूमामाशी होणारे मोकळे बोलणे, आणि शेवटी ती मुलगी गाव सोडून जाते. सुमारे दहा वर्षांपूर्वी, दुसऱ्या एका धर्मग्रामात, एका शिक्षकाने हे पुस्तक शाळेच्या ग्रंथालयासाठी सुचवले होते. आम्ही ते मधेच कोठेतरी उघडले, मुलांच्या तोंडची भाषा पाहिली आणि ‘मुलांच्या हाती नको’ असा शेरा मारून परत केले. शिक्षकाने वाद घातला नाही. मात्र त्यानंतर त्याने एकही पुस्तक सुचवले नाही. शेरा लिहायला आम्हांस अर्धे मिनिट लागले असेल. त्या शिक्षकाचा उत्साह तेवढ्यात विझला.

चार वर्षांनी प्रवासात वेळ घालवण्यासाठी आम्ही ती कादंबरी आरंभापासून वाचली. त्यात आम्हांस भीती वाटावी असे काही आढळले नाही. आढळला तो एक मुलगा, जो आपल्या मनात काय चालले आहे हे सांगायला एका मोठ्या माणसाच्या शोधात आहे. त्याला नरूमामा मिळाला. आमच्याकडे पापनिवेदनाला येणाऱ्या त्या वयाच्या मुलांना आमच्यात नरूमामा मिळतो का, हा प्रश्न त्या प्रवासात मनात आला आणि तो अजून गेलेला नाही. परीक्षक म्हणून एक आक्षेप आम्ही नोंदवू: सारी कथा मुकुंदाच्या नजरेतून येत असल्यामुळे शिरोडकर ही मुलगी शेवटपर्यंत दुरूनच दिसते, तिचे मन वाचकाला कळत नाही. पण हा आक्षेप वाचक मंडळात एखाद्या मुलीनेच घ्यावा. तिने तो घेतला की त्या तासाचे सार्थक झाले.

न वाचता नाकारणे हा रोग आमच्या संस्थेत नवा नाही. रोमने निषिद्ध ग्रंथांची सूची १५५९ मध्ये प्रथम काढली आणि ती १९६६ मध्ये रद्द केली. म्हणजे चारशे वर्षांहून अधिक काळ ती चालली. निदान त्या सूचीत नाव घालण्यापूर्वी कोणीतरी तो ग्रंथ वाचत असे. आज सूची नाही. पण प्रत्येक शाळेत, प्रत्येक घरात एक न लिहिलेली सूची आहे, आणि तिच्यासाठी वाचण्याचेही कष्ट कोणी घेत नाही. ‘लोक काय म्हणतील’ एवढे एकच कलम त्या सूचीला पुरते.

बाईंच्या पानावरील शेवटचे पुस्तक ‘तोत्तोचान’. तेत्सुको कुरोयानागी यांचे मूळ जपानी पुस्तक १९८१ चे. चेतना सरदेशमुख गोसावी यांनी ते मराठीत आणले. त्यातील तोमोए शाळेत आगगाडीच्या डब्यांत वर्ग भरतात. एक दिवस नवा डबा येतो आणि त्यात ग्रंथालय होते. मुख्याध्यापक कोबायाशी मुलांना सांगतात की अमुक पुस्तक अमुक इयत्तेसाठी असे येथे काही नाही. हवे ते घ्या, हवे तेव्हा घ्या. ही मोकळीक देणाऱ्या माणसाला मुलांवर विश्वास होता आणि पुस्तकांवरही. तोमोए शाळा १९४५ च्या बाँबवर्षावात जळून गेली. त्या डब्यात वाचलेल्या एका मुलीने लिहिलेले हे पुस्तक मात्र आज आमच्या बाईंच्या उशाशी आहे.

कोबायाशींचे धोरण आमच्या शाळेत जसेच्या तसे चालेल असे आम्ही म्हणत नाही. दहा प्रती घ्यावयाच्या तर निवड करावीच लागते, आणि निवड म्हणजे काहीतरी वगळणे आलेच. दया पवारांचे ‘बलुतं’ (१९७८) प्रत्येक मराठी माणसाने वाचावे असे आमचे मत आहे. तरी ते आठवीत न देता आणखी तीन-चार वर्षांनी द्यावे, असेही आम्ही म्हणू. वयाचा विचार हा भित्रेपणा नव्हे. परंतु तो विचार पुस्तक पूर्ण वाचलेल्या माणसाने करावा, एवढी अट आहे. ज्याने निवडले त्याने ते अलीकडे वाचलेले असावे. त्यात त्याला स्वतःला कोठेतरी टोचलेले असावे. आणि मुलांनी ‘आम्हांला हे आवडले नाही’ असे म्हटले तर ते ऐकून घेण्याची त्याची तयारी असावी. या तीन गोष्टी असतील तर बोधकथाही चालेल. त्या नसतील तर अभिजात ग्रंथही धूळ खाईल.

त्या दिवशी बाई आणि आम्ही तासभर बसलो. अखेर जी यादी झाली तीत ‘बनगरवाडी’, ‘पाडस’ आणि ‘तोत्तोचान’ आली. ‘श्यामची आई’ राहिले, पण बाईंनी ते आधी स्वतः पुन्हा वाचावे असे ठरले. ‘स्मृतिचित्रे’तील निवडक प्रकरणे घ्यावयाची आणि संपूर्ण पुस्तक ग्रंथालयात उघड्या फळीवर ठेवावयाचे. ‘शाळा’ नववीसाठी ठेवले. त्याच्या दोन प्रती पालकांनी आधी वाचण्यासाठी मागितल्यास द्याव्यात असेही ठरले. कार्व्हरना उघड्या फळीवर मानाची जागा मिळाली. यांपैकी कोणत्या पुस्तकावरून कोण तक्रार घेऊन येईल हे सांगता येत नाही. जो येईल त्याला आम्ही एकच विचारणार आहोत, की आपण हे पुस्तक वाचले आहे काय? नसेल तर प्रत तयार आहे.

वाचकहो, आपणांपैकी जे शिक्षक आहेत, पालक आहेत, धर्मशिक्षणाचे वर्ग घेतात, त्यांनी आपापल्या घरी हे दोन कागद एकदा करून पाहावेत. एकावर गेल्या वर्षी स्वतः काय वाचले ते लिहावे, दुसऱ्यावर मुलांना काय दिले ते. पहिला कागद कोरा राहिला तर दुसऱ्याची काळजी करण्यात अर्थ नाही. आमच्यापुरते म्हणावयाचे तर आम्ही बाईंना सांगून ठेवले आहे की पुढच्या जूनमध्ये सहीसाठी येताना चुकून आलेला तो कागद मुद्दाम आणावा आणि तो वर ठेवावा.